झेंडूचा केशरी कागदावर का उतरत नाही

सगळ्यात आधी लॅबवाल्याला शिव्या घालणं थांबवा. प्रिंट काळपट आला, मातकट आला, रंग बसले असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, मॉनिटरचा ब्राइटनेस किती ठेवलायस? आणि उत्तरही ठरलेलं, "होता तेवढाच आहे". आता होता तेवढा म्हणजे किती, तर नवा मॉनिटर खोक्यातून काढला की बऱ्याचदा २५०-३०० निटवर असतो, निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप, दुकानात शेजारच्या मॉनिटरपेक्षा उजळ दिसायला पाहिजे ना. प्रिंटसाठी एडिट करायचं तर तो ८० ते १२० च्या मध्ये कुठेतरी पाहिजे. तुम्ही ३०० निटच्या स्क्रीनसमोर बसून फोटो डोळ्यांना बरा वाटेपर्यंत खाली खेचता, लॅब तो तसाच्या तसा छापते, आणि कागदाला काही स्वतःचा दिवा नसतो, खोलीत जेवढा उजेड आहे त्यातलाच थोडा तो परत फेकणार. मग काळा नाही येणार तर काय.

बाकी फालतू वाटणाऱ्या पण नडणाऱ्या गोष्टी पटकन सांगतो. नाइट लाइट, ट्रू टोन वगैरे जे काही स्क्रीन पिवळी करतं ते एडिटिंगच्या वेळी बंद. खिडकीतून दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर येत असेल तर पडदा ओढा, आणि रोज साधारण त्याच उजेडात बसा. भाड्याच्या घरात मालकाने भिंत पोपटी रंगवलेली असेल तर निदान मॉनिटरमागची भिंत तरी करड्या कापडाने झाका. आणि भडक भगवा टी-शर्ट घालून एडिट करू नका, हे मी मस्करीत सांगत नाहीये, ग्लॉसी स्क्रीनवर त्याची झाक पडते आणि तुम्ही नकळत फोटो निळा करत बसता.

मग कॅलिब्रेटर. कॅलिब्राइटचा घ्या, स्पायडर घ्या, कुठलाही घ्या, एकट्याला परवडत नसेल तर चार मित्रांत मिळून घ्या, रोज थोडाच लागतो, महिन्यातून एकदा फिरवला तरी पुरे. हे यंत्र दोन कामं करतं आणि लोक त्यात गल्लत करतात. पहिलं काम म्हणजे स्क्रीनला ठरलेल्या जागी आणणं, पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास, गॅमा म्हणजे मधल्या छटांचा उजळपणा २.२, ब्राइटनेस सांगाल तेवढा. दुसरं म्हणजे एवढं करूनही ही स्क्रीन नेमके कुठले रंग दाखवते ते मोजून एका फाइलमध्ये लिहून ठेवणं, ती फाइल म्हणजे प्रोफाइल. फोटोशॉप, लाइटरूम ही मंडळी ती प्रोफाइल वाचतात. तिच्याशिवाय पुढे जे काही लिहिलंय ते सगळं हवेत. आणि एक कडू गोष्ट, स्वस्त लॅपटॉपचा पॅनल असेल तर तो एसआरजीबी, म्हणजे वेब आणि फोनचा जो साधा रंगसंच, तोसुद्धा पूर्ण दाखवत नाही, त्याला कितीही कॅलिब्रेट करा, जो रंग पॅनलमध्ये नाहीच तो येणार कुठून.

प्रोफाइलची भानगड थोडक्यात अशी की आरजीबीचे, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याचे आकडे स्वतः काहीच सांगत नाहीत. २५५, १४०, ० असं लिहिलं तर माझ्या मॉनिटरवर एक केशरी, तुमच्या फोनवर दुसरा, प्रिंटरवर तिसराच. १९९३ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी मिळून आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम काढली ती याच कटकटीसाठी, की प्रत्येक यंत्राने आपले आकडे म्हणजे प्रत्यक्षात कुठला रंग ते एका ठरलेल्या पद्धतीने जाहीर करावं आणि मधल्या सॉफ्टवेअरने भाषांतर करावं. म्हणून फाइल सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करायचा चौकोन कधीच सोडू नका. आणि फोटोशॉपमधले असाइन आणि कन्व्हर्ट हे दोन वेगळे प्रकार आहेत, कन्व्हर्ट केलं की आकडे बदलतात आणि रंग शक्य तितका तोच राहतो, असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. अ‍ॅडोबी आरजीबी या एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगसंचातल्या फोटोवर एसआरजीबी असाइन केली की माणसं आजारी दिसायला लागतात. लॅबने एसआरजीबी मागितली तर कन्व्हर्ट करायचं.

आता मुद्द्याचं. सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छापायच्या आधी स्क्रीनवरच प्रिंटचा अंदाज घेणं. त्याबद्दल लोकांचा समज असा असतो की ते बटण दाबलं की प्रिंट कसा येणार ते हुबेहूब दिसतं. नाही दिसत. कागद आणि स्क्रीन ह्या मुळात दोन वेगळ्या वस्तू आहेत, स्क्रीन उजेड फेकते, कागद उजेड खातो. सॉफ्ट प्रूफ तुम्हाला हे दाखवतो की या कागदावर या शाईत गेलं की फोटोतलं काय काय जाणार आहे. सगळं तर वाचत नाही, मग काय वाचवायचं आणि काय सोडायचं हे प्रिंटरवर सोडायचं का आपण ठरवायचं, एवढाच प्रश्न आहे. मी म्हणतो आपण ठरवावं, फोटो आपला आहे.

एक उदाहरण नीट घेतो. दादरच्या फुल मार्केटमधला पहाटेचा फोटो, दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा. झेंडूचा ढीग, वर पिवळा दिवा, मागे निळीशार ताडपत्री, ढिगाच्या कडेला एक मावशी माळा मोजत बसलेली. स्क्रीनवर हा फोटो पेटलेला दिसतो अक्षरशः. आणि छापायला याच्याइतका वाईट फोटो शोधून सापडणार नाही, कारण झेंडूचा तो उजळ केशरी आणि ताडपत्रीचा तो निळा, दोन्ही छपाईच्या चार शायांच्या आवाक्याबाहेरचे. चार शाया म्हणजे आकाशीकडची सायन, राणी रंगाची मजेंटा, पिवळी आणि काळी. केशरी हा पिवळ्यावर मजेंटा चढवून करायचा असतो आणि चढवला की तो मळतो. निळ्याचं तर विचारूच नका, सायन आणि मजेंटा मिळून जो निळा होतो तो जांभळ्याकडे झुकलेला असतो, त्यामुळे तुमची ताडपत्री छापून आली की वांगी रंगाची.

लाइटरूम क्लासिकमध्ये डेव्हलपमध्ये जाऊन एस दाबा, मागचं पांढरं होतं आणि प्रूफ सुरू होतो. ही सोय लाइटरूम ४ पासून आहे, म्हणजे २०१२ पासून, तरी निम्म्या लोकांनी ते बटण दाबलेलं नसतं. तिथे कागदाची प्रोफाइल निवडा, प्रूफ कॉपी तयार करा म्हणजे मूळ एडिटला हात लागत नाही, आणि मग हिस्टोग्रामच्या उजव्या कोपऱ्यातलं कागदाचं चिन्ह दाबून गॅमट वॉर्निंग चालू करा, गॅमट म्हणजे रंगांचा आवाका, त्याच्या बाहेरचं सगळं लाल दिसतं. झेंडूच्या फोटोत अख्खा ढीग लाल होतो.

इथे नवखा माणूस काय करतो, सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाच्या तीव्रतेचा स्लायडर धरतो आणि लाल डाग जाईपर्यंत डावीकडे ओढत राहतो. डाग जातात, आणि झेंडूची पार्ले बिस्किटं होतात. ते वॉर्निंग फक्त आत की बाहेर एवढंच सांगतं हो, किती बाहेर ते सांगत नाही. केसभर बाहेर असलेला रंगही लाल आणि पार मैलभर बाहेर असलेलाही लाल. त्यामुळे मी ते एकदा बघतो, कुठे लक्ष द्यायचं ते कळतं, आणि बंद करून टाकतो. त्यानंतर डोळे वापरायचे.

डोळ्यांनी काय बघायचं, तर रंग किती फिका झाला ते नाही, पाकळ्या दिसतायत का ते. झेंडूच्या फुलात पाकळीवर पाकळी असते आणि त्यांच्यातला फरक बराचसा रंगाच्या तीव्रतेत असतो, उजेड-सावलीत कमी. आवाक्याबाहेरचे सगळे केशरी कागदाच्या शेवटच्या केशरीवर येऊन चिकटले की तो फरक संपतो आणि फुलाच्या जागी गुळगुळीत केशरी गोळा उरतो. म्हणून मी असं करतो: कलर रेंजने फक्त केशरीचा मास्क, म्हणजे बदल तेवढ्याच रंगावर होतील, त्यात ल्युमिनन्स म्हणजे उजळपणा थोडा खाली, कारण जरा गडद केशरी कागदाला झेपतो, उजळ आणि तीव्र दोन्ही एकदम झेपत नाही. मग त्याच मास्कमध्ये टेक्स्चर आणि थोडा कॉन्ट्रास्ट वर, म्हणजे रंगात जो फरक हरवला तो उजेड-सावलीत परत मिळतो. सॅच्युरेशनला अगदी शेवटी हात, आणि तोही किंचित. मग ताडपत्री. तिचा ह्यू, म्हणजे रंगाची जात, थोडा सायनकडे ढकलायचा, सॅच्युरेशन बऱ्यापैकी उतरवायचं, थोडी गडद करायची. ताडपत्रीचं कोणाला काही पडलेलं नाही, आणि ती शांत झाली की शेजारचा केशरी आपोआप उठतो. तेवढाच केशरी, पण डोळ्याला जास्त वाटतो. मावशींच्या चेहऱ्याला हातसुद्धा लावायचा नाही, तो आवाक्यात आहे.

एक तपासून घ्या मात्र, पाकळ्या कागदाच्या आधीच तर मेलेल्या नाहीत ना. पिवळ्या दिव्याखाली झेंडू काढला की लाल चॅनल कधी कटतो, म्हणजे कमाल आकड्याला चिकटून तपशील संपतो, ते कळत नाही, कॅमेऱ्याच्या मागचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, जेपेगचा असतो, रॉचा नाही. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल प्रोफोटोसारख्या मोठ्या रंगसंचात सोळा बिटमध्ये उघडली की बऱ्याचदा तपशील असतो, एसआरजीबीत कोंबल्यावर गेलेला असतो.

मग येतो रेंडरिंग इंटेंट, म्हणजे आवाक्याबाहेरचे रंग आत कसे आणायचे त्याची पद्धत, ज्यावर लोक तासन्‌तास भांडतात. कामाचे दोनच, रिलेटिव्ह आणि परसेप्च्युअल. संध्याकाळची विरार फास्ट डोळ्यांसमोर आणा. रिलेटिव्हमध्ये आत बसलेले जागचे हलत नाहीत, बाहेरचे सगळे दारातल्या एकाच दांडीला लटकतात, कोण कोणाच्या मागे होतं काही कळत नाही. परसेप्च्युअलमध्ये कोणीतरी ओरडतं "आत सरका, आत सरका" आणि अख्खा डबा थोडा थोडा सरकतो, बसायला सगळ्यांना मिळतं पण चौथ्या सीटवाल्यालाही अंग चोरावं लागतं. झेंडूसारख्या फोटोत जिथे बाहेरच्यांचीच गर्दी, तिथे परसेप्च्युअलमध्ये पाकळ्या टिकतात. साध्या पोर्ट्रेटला, जिथे बाहेर कोणी नाहीच, रिलेटिव्ह आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा काळा कागदाच्या काळ्यावर बसवणं, टिक केलेलं, विषय संपला. पण एक लक्षात ठेवा, परसेप्च्युअल तुमचा फोटो बघून ठरवत नाही. किती सरकायचं ते प्रोफाइल बनवणाऱ्याने आधीच भरून ठेवलेलं असतं, त्यामुळे एका कंपनीच्या प्रोफाइलमध्ये चांगलं दिसलं म्हणून दुसऱ्यात दिसेलच असं नाही. दोन्ही लावून बघा, जे बरं दिसेल ते घ्या, यात तत्त्वाचा प्रश्न काही नाही.

पेपर सिम्युलेट करायची, म्हणजे कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा स्क्रीनवर दाखवायची टिक केली की पहिल्यांदा सगळ्यांचंच तोंड पडतं. फोटोवर कोणीतरी राख फासली असं वाटतं. साहजिक आहे, मॉनिटरवर काळ्या-पांढऱ्यात हजार पटींचा फरक असतो, मॅट कागदाचा काळा १.६-१.७ डेन्सिटीपाशी, म्हणजे काळेपणाच्या त्या मापापाशी थांबतो म्हणजे फरक उरला चाळीस-पन्नास पटींचा. खोटं नाही दाखवत ते. पण डोळ्यांना तुलना करायला लावलीत तर डोळे चिडणारच. म्हणून टिक करताना स्क्रीनकडे बघायचंच नाही, फुल स्क्रीन करा, बाजूची पांढरी पॅनल लपवा, टिक करा, उठून पाणी पिऊन या, मग बघा. डोळे कागदाचा पांढरा हाच पांढरा म्हणून धरतात आणि फोटो परत श्वास घ्यायला लागतो. त्यानंतर ज्या जागा अजून खटकतात त्या खऱ्या, सहसा सावल्या. मॅटवर सावल्या एकमेकींत मिसळतात, तिथे कर्व्हने खालचा भाग जरासा उचलायचा.

कुठली प्रोफाइल निवडायची हा प्रश्न लॅबवर अवलंबून. पिगमेंट शाईच्या इंकजेटवर, हानेम्युलेच्या फोटो रॅगसारख्या कॉटन कागदावर काढणार असाल तर कागद कंपनी प्रत्येक प्रिंटर मॉडेलसाठी प्रोफाइल फुकट देते, आणि फाइन आर्टवाला लॅबमालक नीट असेल तर स्वतःच्या मशीनवर मोजलेली देतो, ती सगळ्यात चांगली. एप्सनच्या काही मोठ्या प्रिंटरमध्ये वेगळी ऑरेंज आणि ग्रीन शाईच असते, झेंडू अशा मशीनवर द्यायचा, पैसे जास्त जातात पण तिथे तो खरंच झेंडू दिसतो. स्वतःच्या घरच्या प्रिंटरवर काढत असाल तर फोटोशॉपला रंग सांभाळायला सांगितल्यावर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद करा, नाहीतर दोघं मिळून एकच काम दोनदा करतात आणि प्रिंट गुलाबी येतो.

साध्या केमिकल प्रिंटच्या लॅबमध्ये, फ्रंटियर किंवा नोरित्सू मशीनवाल्या, प्रोफाइल मागितली तर बहुतेक ठिकाणी चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह येतं. तिथे एसआरजीबी जेपेग द्यायची आणि एकच गोष्ट तोंडाने सांगायची.

"दादा, ऑटो बंद ठेवा. नो करेक्शन."

"सर, करेक्शन नाही केलं तर मग नंतर बोलायचं नाही हां."

"नाही बोलत. तुम्ही फक्त आहे तसं सोडा."

त्याचंही बरोबर आहे, दिवसभर त्याच्याकडे फोनवरचे अंधारातले हळदीचे फोटो येतात, करेक्शन नाही केलं तर गिऱ्हाईक त्याचं डोकं खातं. म्हणून हात सवयीने डेन्सिटीच्या बटणावर जातो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छापायला देऊ नका कृपा करून, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मोठा प्रिंट काढायच्या आधी ८ बाय १२ च्या एका शीटवर फोटोचे तीन-चार तुकडे ठेवून टेस्ट मारा, झेंडूचा एक, सावलीचा एक, चेहऱ्याचा एक, आणि खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पट्ट्या. त्याच कागदावर, त्याच मशीनवर. सॉफ्ट प्रूफने जे सांगितलं त्याची परीक्षा इथे होते आणि चहा-वडापावच्या पैशात होते. करड्या पट्ट्यांना हिरवी किंवा गुलाबी झाक असेल तर दोष तुमच्या एडिटिंगमध्ये नाही, मशीन किंवा केमिकल सरकलंय, दाखवा आणि परत मारून घ्या.

टेस्ट कुठल्या उजेडात बघता हेही बघा. छपाईवाल्यांचं प्रमाण डी ५० म्हणजे ५००० केल्विन, त्या उजेडाचे बूथ मिळतात, पण आपल्याला कोण घेऊन देतंय. लॅबच्या काउंटरवर वर पांढरी एलईडी ट्यूब असते, तिच्याखाली त्वचा हिरवट दिसते, तोच प्रिंट दारात आणला की बरा. ढगाळ दिवशी खिडकीपाशी बघा, मुंबईत चार महिने ढगच असतात. आणि प्रिंट जिथे लागणार तिथला दिवा विचारून घ्या. गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये पिवळे स्पॉट असतील तर सावल्या अजून उघडाव्या लागतात. भयंकर पांढरेशुभ्र कागद असतात ना, त्यांच्यात ऑप्टिकल ब्राइटनर असतात, ते अतिनील किरणांवर चमकतात, बऱ्याच एलईडी दिव्यांत ते किरण जवळपास नसतातच, त्यामुळे दुकानात खिडकीशी शुभ्र दिसलेला कागद घरी जाऊन मळका वाटतो. घरी लावायच्या फोटोला मी साधा नैसर्गिक पांढरा कागदच घेतो.

ऑफसेटचं, म्हणजे छापखान्यातल्या मोठ्या मशीनचं मात्र वेगळं शास्त्र आहे. तोच झेंडूचा फोटो एका दिवाळी अंकाच्या कव्हरला गेला. प्रेसमधून निरोप आला, सीएमवायके करून पाठवा, म्हणजे आरजीबीऐवजी त्या चार शायांच्या आकड्यांत. कुठल्या प्रोफाइलमध्ये विचारलं तर "नॉर्मल सीएमवायके". नॉर्मल असं काही नसतं. फोटोशॉप अमेरिकन सेटिंगवर ठेवून नुसतं मोड बदललं तर तो स्वॉप नावाच्या अमेरिकन मासिक छपाईच्या प्रमाणात जातो, आपल्या इकडच्या आर्ट पेपरवरच्या शीटफेडसाठी, म्हणजे सुट्या शीटांच्या छपाईसाठी, फोग्रा ३९ हे युरोपियन प्रमाण जास्त जवळचं पडतं. शिवाय चारही शाया मिळून किती टक्के चढणार याची मर्यादा असते, वर्तमानपत्री कागदाला २४०, आर्ट पेपरला ३०० ते ३३०. दिवाळी अंक छापतात ऐन पावसाळ्याच्या शेपटाला, हवेत दमट ओल, शाई वाळायला वेळ लागतो, ताडपत्रीमागच्या अंधारात ३३० टक्के चढवले तर एका कव्हरची शाई वरच्या कव्हरच्या पाठीला लागते. म्हणून मी ३०० वाली प्रोफाइल घेतली, फोटोशॉपमध्ये प्रूफ सेटअप लावून ताडपत्री अजून शांत केली, आणि फाइलसोबत एक छापील प्रूफ दिला की मशीनवर हा समोर ठेवा.

ठेवला त्यांनी. पण ऑफसेटमध्ये शाई कमी-जास्त होते ती शीटच्या उभ्या पट्ट्यांत, त्या पट्टीत जे जे आहे त्या सगळ्यांवर एकदम. आमच्या मावशींच्या बरोबर खाली, त्याच शीटवर, मागच्या कव्हरची एका दागिनेवाल्याची जाहिरात होती आणि त्याला त्याचं सोनं पिवळंधमक पाहिजे होतं. मशीनवाल्याने मजेंटा उतरवला, सोनं झळकलं, आणि माझा झेंडू लिंबाकडे गेला. संपादकांना फोन केला तर म्हणाले, "अरे त्यांनी पूर्ण पानाचे पैसे दिलेत, तुझं मानधन त्यातूनच येणारे."